ओढून वाजवायचे सूर

तोफ उडाली तेव्हा मी ओजसच्या पापण्यांकडे बघत होते.

खिडकीची तावदानं थरथरली. ओट्यावरचं पातेलं शेजारच्या पातेल्याला लागून किणकिणलं. समोरच्या कडुनिंबावरचे कावळे एकदम उठले आणि ओरडत पलीकडं गेले. ओजस झोपला होता तसाच झोपून राहिला. दुसरी तोफ उडाली, तिसरी उडाली. त्याची पापणी हलली नाही.

"अशी टक लावून काय बघती गं ताई," हौसाबाई म्हणाली. ती त्याला तेल लावून अंघोळ घालायला यायची. "नजर लागंल तुझीच."

"एवढा आवाज झाला. दचकला नाही."

"क्याम्पातलं पोर हाय. हितली पोरं तोफंत झोपत्यात आन् मिक्सरला उठत्यात. माझी चारी अशीच."

"हा मिक्सरलाही उठत नाही."

"मग गुणाचं हाय," हौसाबाई म्हणाली आणि वाटीतलं उरलेलं तेल स्वतःच्या कोपरांना चोळत निघून गेली.

देवळाली कॅम्पमध्ये सगळे हेच सांगायचे. तिथं तोफखान्याचा सराव चालतो. दूधवाला सांगायचा, औषधाच्या दुकानातला माणूस सांगायचा, लस टोचायला नेलं तिथल्या बाईसुद्धा हसून म्हणाल्या, इथली मुलं सरावतात. मी मूळची कोल्हापूरची. आमच्याकडं कुणाचं बाळ तोफांत झोपलं असतं तर गल्ली गोळा झाली असती. इथं तो अभिमानाचा विषय होता.

ओजस तेव्हा आठ महिन्यांचा होता. आता तो तिसरीत आहे आणि डबा अर्धा परत आणतो. पण तेव्हा तो नुसता बघायचा. खूप बघायचा. मी खोलीत आले की हसायचा, पण मला दारात पाहिल्यावर. पाठीमागून आले तर नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी केलंय, लग्नाआधी दोन वर्षं एका लॅबमध्ये होते. नोंदी ठेवायची सवय हाताला नसली तरी डोळ्यांना लागलेली असते. त्याच्या मागं उभं राहून मी ताटावर चमचा वाजवून बघायचे. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. मग सावली पडली असेल म्हणून पडदा ओढून पुन्हा.

"तू पोराला काचेच्या बशीत ठेवून वर भिंग धरलंयस," मंदार म्हणायचा. तो सिन्नरच्या एका कारखान्यात होता, सकाळी लवकर जायचा आणि रात्री जेवायच्या वेळेला परत यायचा. मधला दिवस माझा आणि ओजसचा. ओजस रडायचा तो दुपारचे चार वाजले की. पोट दुखतंय म्हणावं तर नाही, दात म्हणावं तर नाही. तास-दीड तास रडायचा आणि मी त्याला खांद्यावर घेऊन त्या दोन खोल्यांतून फिरायचे. बोलायला कुणी नव्हतं. आईला फोन करावा तर ती माझ्या आवाजावरून ओळखायची आणि तिचं रडणं मला आवरावं लागायचं.

शेवटी मीच नाशिकच्या एका कानाच्या दवाखान्यात सोमवारची वेळ घेतली. बाळाला झोपेचं औषध पाजायचं, डोक्याला तारा चिकटवायच्या आणि कानात आवाज सोडायचे, म्हणजे मेंदूपर्यंत काय पोचतं ते कळतं. हे कऱ्हाडला सासूबाईंना कळलं आणि रोज फोन सुरू झाले.

"एवढ्याशा जिवाला गुंगीचं औषध? आमच्या सात पिढ्यांत कुणाला असलं काही नाही. मंदार तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. आता गप्प बसतोय का?"

मंदार खरंच गप्प बसत नसे. पण या विषयावर मात्र गप्प बसायचा.

आमच्या घरमालकीण खाली राहायच्या. रूथ चक्रनारायण. साठीच्या पुढच्या, मूळच्या अहमदनगरकडच्या, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून निवृत्त झालेल्या. पहिले दोन-तीन महिने आमचा संबंध पाण्याच्या मोटरीपुरता होता. मग डिसेंबरात एका दुपारी ओजस इतका रडायला लागला की मी त्याला घेऊन जिना उतरले. त्यांच्या मागच्या व्हरांड्यात ऊन यायचं. तिथं वेताच्या खुर्चीत बसून त्या माउथऑर्गन वाजवत होत्या.

मला माउथऑर्गन म्हणजे सहलीच्या बसमध्ये मुलं वाजवतात तेवढाच माहीत होता. हे तसं नव्हतं. एक सूर निघायचा, मध्येच खाली वाकायचा, कुणी बोलता बोलता गिळून टाकावं तसा, आणि पुन्हा वर यायचा. मी दारातच थांबले. खांद्यावर ओजसचं रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं, मग हुंदकेही थांबले. त्यानं माझ्या गळ्याशी गाल टेकला.

मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. वाजवणं न थांबवता त्यांनी पायानं दुसरी खुर्ची पुढं सरकवली.

त्या दिवसापासून मी रोज चारला खाली जायला लागले. ओजस रडत असायचा, मी बसायचे, त्या वाजवायच्या आणि तो शांत व्हायचा. दर वेळी. मी मान वाकवून त्याचा चेहरा बघत राहायचे आणि मनात म्हणायचे, ऐकतोय. ऐकतोय हा.

"हे काय वाजवता मावशी? चर्चमधलं आहे?"

"चर्चमधल्या बायकांना तसंच वाटतं. मीही तसंच वाटू देते." त्यांनी माउथऑर्गन तळव्यावर आपटून त्यातली थुंकी झटकली आणि रुमालानं पुसला. "ब्लूज म्हणतात याला. आमचे मिस्टर जहाजावर फिटर होते. अमेरिकेतल्या एका बंदरात जहाज अडकून पडलं होतं, तिथं एका म्हाताऱ्याकडून शिकून आले. एकच गाऱ्हाणं दोनदा सांगायचं आणि तिसऱ्यांदा त्याचं उत्तर आपणच द्यायचं. दुसरं कोण देणार?"

"किती उदास आहे."

"मायनर आहे ना. तुमच्या पेटीवर कोमल गंधार लागला की कसं होतं, तसं. गंमत सांगू का? हा माउथऑर्गन मुळात मायनरचा नाहीच. हे बघ." त्यांनी मधल्या तीन भोकांवर ओठ ठेवून फुंकलं. वाढदिवसाला शोभेल असा सूर आला. "आता तीच भोकं, पण फुंकायचं नाही. आत ओढायचं." त्यांनी श्वास आत घेतला आणि त्याच तीन भोकांतून संध्याकाळ झाल्यासारखं काहीतरी बाहेर आलं. "फुंकलं की मेजर, ओढलं की मायनर. लोक फुंकूनच मोकळे होतात. ब्लूज वाजवायचं तर ओढावं लागतं. आणि सूर वाकवायचा तर ओढता ओढता जीभ मागं घ्यायची. सगळा खेळ आत घेतलेल्या श्वासाचा."

"दमत नाही?"

"बाहेर कधी सोडायचा ते कळत नाही तोवर दमतं माणूस."

मला तो तास फार आवडायला लागला. दिवसभरात तेवढाच एक तास असा होता की माझ्या खांद्यांत काही गाठ नसायची. अर्थात मी तेव्हा हे असं म्हटलं नसतं. मी म्हटलं असतं की ओजसला माउथऑर्गन आवडतो.

शुक्रवारी मंदारला सुट्टी होती. मी त्यालाही खाली नेलं आणि व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना घेतलं. मंदारनं फोन धरला. ओजस रडत होता. रूथमावशींनी वाजवायला सुरुवात केली आणि थोड्या वेळात तो माझ्या खांद्यावर निवांत झाला. फोनमधून सासूबाईंचा आवाज आला, "बघ. बघ मंदार. संगीत कळतंय माझ्या नातवाला, आणि ही त्याला बहिरा ठरवत होती."

"ठरवत नव्हते आई, तपासणार होते," मी म्हटलं. पण मला हसू येत होतं. कितीतरी दिवसांनी येत होतं.

रात्री जेवताना मंदार म्हणाला, "मग सोमवारचं?"

"तू सांग."

"मी काय सांगू. तूच म्हणतेस ना पुरावा लागतो. आज तिघांनी बघितलं." तो भात कालवत राहिला. "औषध पाजून झोपवायचं, तारा लावायच्या. उगाच कशाला. उद्या फोन करून रद्द करून टाक."

मी हो म्हटलं.

शनिवारी दुपारी मी शिरा केला आणि वाटीभर घेऊन जरा लवकरच खाली गेले. ओजस खांद्यावर होता, अजून रडायला लागायचा होता. मंदार कामावर गेला होता. दवाखान्याला फोन करायचा राहिला होता. दोनला दवाखाना बंद व्हायचा, पण तिथल्या बाईंनी आपला मोबाइल नंबर दिला होता, संध्याकाळी केला तरी चालेल म्हणाल्या होत्या.

"कशाबद्दल शिरा?" रूथमावशींनी विचारलं.

"तुमच्यामुळं सोमवारची तपासणी रद्द करतोय. तुमच्या माउथऑर्गनला द्यायचा तर तो खाणार नाही."

त्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी वाटी कठड्यावर ठेवली आणि तिच्यावर बशी झाकली.

"रद्द केली?"

"करणार आहे. आता थोड्या वेळानं."

त्या खुर्चीत बसल्या. माउथऑर्गन मांडीवर होता, तो त्यांनी उचलला नाही. मीही बसले. अंगणातून कुणीतरी सायकल ढकलत गेलं.

"रेवती, बुधवारी तू दूध उतू जातंय म्हणून वर पळालीस. आठवतं?"

"हो. बाळाला तुमच्याजवळ चटईवर ठेवलं होतं."

"तू खाली येईपर्यंत मी वाजवत होते. तो रडत होता. जोरात. मी त्याच्या अगदी जवळ बसून वाजवलं, त्याच्या कानाशी. थांबला नाही. तू आलीस, उचललंस, मी पुन्हा सुरू केलं, तेव्हा थांबला."

"मी नव्हते म्हणून रडत असेल. आई लागते ना त्याला."

"असेल," त्या म्हणाल्या. "तसंही असेल."

पण त्यांचा आवाज तसा नव्हता. मला एकदम राग आला. कालपासून माझ्याजवळ एक गोष्ट होती, एवढीशी, आणि ही बाई तिला हात घालत होती.

"तुम्हाला काय म्हणायचंय मावशी?"

"काही म्हणायचं नाही. बघायचंय. आज तो रडायला लागला की मी वाजवते. तू त्याला रोजच्यासारखं घे, पण माझ्याकडं लक्ष देऊ नकोस. तेराचा पाढा येतो?"

"येतो."

"तो म्हण. मोठ्यानं. संपला की उलटा म्हण."

चारच्या सुमाराला ओजस रडायला लागला. त्यांनी वाजवायला घेतलं. मी तेरा एके तेरा सुरू केलं. एका बाजूला ते सूर, एका बाजूला तेरा सक्कं किती याची शोधाशोध, आणि खांद्यावर ओजस. तो रडतच राहिला. पाढा संपला, उलटा सुरू केला, मध्ये चुकले, पुन्हा सुरू केला. त्यानं पाठ ताठ केली आणि माझ्या गळ्यातली पोत ओढली.

रूथमावशी थांबल्या. "बघितलंस?"

"माझ्या आवाजात त्याला तुमचं ऐकू येत नसेल," मी म्हणाले. "मी कानाशीच बोलत होते. हा काही पुरावा झाला नाही."

"नाही झाला," त्यांनी मान्य केलं. "मग आता गप्प बस. काही म्हणू नकोस. माझ्याकडं बघ फक्त. रोज बघतेस तसं."

त्यांनी माउथऑर्गन दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला, तोंडाशी नेला, डोळे मिटले. उजवं कोपर वर गेलं, खांदे उचलले गेले, छाती भरली. सूर वाकवताना त्यांची मान थोडी डावीकडं कलायची, तशी कलली. मग खांदे उतरले. पुन्हा एकदा तेच, तेच गाऱ्हाणं दुसऱ्यांदा. मी बघत होते. माझ्या पाठीवरचं काहीतरी सैल होत गेलं. माझाही श्वास आत गेला, वर थोडा थांबला आणि लांब बाहेर आला. तिसऱ्यांदा त्यांनी जास्त वेळ ओढून धरलं, मीही धरून होते. त्या सोडत गेल्या, मी सोडत गेले.

ओजसचा गाल माझ्या गळ्याला टेकला होता. तो रडत नव्हता.

आणि मग माझ्या लक्षात आलं की व्हरांड्यात आवाजच नव्हता. लांब रस्त्यावरचा एक ट्रक ऐकू येत होता. माउथऑर्गन त्यांच्या ओठांपासून दोन बोटं दूर होता. त्या नुसत्या श्वास घेत होत्या.

त्यांनी डोळे उघडले आणि हात खाली घेतले.

ओजसच्या डोक्यावरचं टोपडं सरकलं होतं ते नीट केलं. पुन्हा केलं. त्याची बोटं माझ्या पोतीत अडकली होती, ती एकेक करून सोडवली. मग मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्या मिस्टरांचे कान इंजिनरूममध्ये गेले होते. शेवटच्या दोन वर्षांत तर काहीच राहिलं नव्हतं. मला वाटायचं, आता यांच्यासमोर कशाला वाजवायचं. तर स्वतः सांगायचे, वाजव. माझ्या पाठीला पाठ लावून बसायचे. मी ओढलं की त्यांची पाठ फुगायची. चेहरा अगदी असाच व्हायचा. याच्यासारखा. मला पहिल्याच आठवड्यात वाटलं होतं."

"पहिल्या आठवड्यात?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी माउथऑर्गन रुमालात गुंडाळला, उलगडला. "खात्री नव्हती, असं म्हणता येईल मला. पण खरं ते नाही. तू रोज यायचीस. चार वाजायला आले की मी खुर्ची पुसून ठेवायचे. म्हटलं, सोमवारी जाणारच आहेत, डॉक्टर सांगतील, मी कशाला. आणि आज तू शिरा घेऊन आलीस."

मला त्यांच्यावर रागवायचं होतं, पण रागवायला जागा सापडेना. त्या चार वाजायची वाट बघायच्या, आणि मीही बघायचे. ओजस बिचारा मध्ये होता.

"त्याला माझं काहीच ऐकू गेलं नसेल का?" मी म्हटलं. "मी आठ महिने गाणी म्हणतेय. अंघोळीच्या वेळी, झोपवताना."

"गेलं असेल नसेल, डॉक्टर सांगतील. मी टेलिफोनवाली बाई, कानाची डॉक्टर नव्हे." मग त्या जरा पुढं झुकल्या. "पण पोरी, तू छातीशी धरून म्हणायचीस ना? मग काहीतरी पोचलंय. तू शांत असलीस तर त्याला कळतं, घाबरलेली असलीस तरी कळतं. चार वाजता तो का रडायचा असं वाटतं तुला?"

मला माहीत होतं का रडायचा. चार वाजता घरातली सगळी कामं संपायची. मग मी ताट आणि चमचा घेऊन त्याच्या मागं उभी राहायचे.

मी उठले. त्या म्हणाल्या, "शिरा घेऊन जा वर, मंदारला दे." मी म्हटलं, राहू दे, तुमच्यासाठीच केलाय. दारापर्यंत जाऊन मी वळले. त्या रिकाम्या खुर्चीकडं बघत बसल्या होत्या.

"उद्या रविवार," मी म्हणाले. "तुम्ही चर्चमधून कधी येता?"

"बारापर्यंत."

"मग चारला येते."

वर येऊन मी ओजसला पलंगावर ठेवलं, दोन्ही बाजूंनी उशा लावल्या. तो आढ्याकडं बघत पाय झाडत होता. मी त्याच्यावर वाकले, त्यानं मला बघितलं आणि तोंड भरून हसला. मी त्याच्या डोळ्यांसमोरून न हलता मंदारला फोन लावला. मागून मशीनचा खडखडाट येत होता.

"झाली का रद्द?" त्यानं विचारलं.

"नाही. सोमवारी जायचंय आपल्याला."

"अगं, काल ठरलं ना आपलं. आईला काय सांगू मी? तिनं बघितलंय, मी बघितलंय, माउथऑर्गन वाजला की तो गप्प होतो."

"तो नाही होत मंदार. आधी मी होते. मग तो होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला ऐकू येत नाही. मला येतं."

खडखडाट चालू राहिला. मग तो कुठल्यातरी खोलीत गेला असावा आणि त्यानं मागं दार लावून घेतलं असावं, कारण आवाज एकदम तुटला आणि फोनमध्ये नुसता त्याचा श्वास उरला. आत जाणारा, अडखळणारा. मी वाट बघितली. ओजसनं माझं बोट धरून तोंडात घातलं.

"किती वाजता निघायचं?" मंदार म्हणाला.